मदत हवी आहे: कुड्याच्या सालीची टीएलसी, ठिपक्याला शेपूट फुटतंय

नमस्कार मंडळी. बीएस्सी होऊन वीस वर्षं झाली, पण प्रयोगांची खाज काही जात नाही. बुधवारी नाशिकच्या गंगाघाटावरच्या बाजारात एका मावशींकडून कुड्याची (औषधी झाड) साल घेतली. पांढरा आणि काळा ही दोन वेगळी झाडं. 'पांढरा कुडा का काळा?' विचारलं, तर म्हणाल्या, 'कुडा म्हंजे कुडाच!' चावून पाहिली, कडू लागली. पण तेवढ्यावर कसा विश्वास ठेवायचा? पांढऱ्यात कोनेसिन हे अल्कलॉइड (वनस्पतीतलं नायट्रोजनयुक्त, अल्कधर्मी द्रव्य) असतं, म्हणून टीएलसी (थिन लेअर क्रोमॅटोग्राफी: सिलिकाचा पातळ थर दिलेल्या प्लेटवर अर्काचा ठिपका ठेवून द्रावक वर चढू द्यायचा, म्हणजे घटक वेगळे होतात) करून बघायचं ठरवलं.

सालीची पूड अमोनियाने ओलवून क्लोरोफॉर्ममध्ये रात्रभर ठेवली. सिलिका प्लेट, झाकण लावलेली जॅमची बरणी, द्रावक म्हणून टोल्युइन आणि इथाइल ॲसिटेट ७:३. यूव्ही दिव्याखाली जवळपास काहीच नाही (कोनेसिन तिथे दिसत नाहीच म्हणा). ड्रॅगेनडॉर्फ (अल्कलॉइड असलं की नारिंगी होणारं रसायन) फवारल्यावर मात्र नारिंगी रंग आला! पण ठिपका कसला, सुरुवातीच्या रेघेपासून झाडू मारल्यासारखा लांबच लांब पट्टा.

सिलिका आम्लधर्मी, ती अल्कलॉइडला धरून ठेवते, इतपत कळतं. द्रावकात डायइथाइल अमाइन (अल्कधर्मी) घालून टोल्युइन, इथाइल ॲसिटेट, अमाइन ७:२:१ करू का, की अमोनियाचे दोन थेंब पुरतील? अमाइनचा वास गच्चीवरही सहन होईल का, तेही सांगा. खाली सासूबाईंची तुळस आहे. शिवाय तुलनेला खात्रीची साल हवी. त्र्यंबक-पेठकडे जाणाऱ्या कुणी शेंगा पाहून झाड ओळखून दिलं तर तळहाताएवढा तुकडा पुरे, खोडाभोवती गोल सोलू नका.