ऑर्डरवर घडवलेली ओएम गिटार की मार्टिन डी-१८? कोल्हापूरच्या हवेत काय घ्यावं?

राजारामपुरी_फिंगरस्टाईल
वाजवणं बहुतेक घरीच, बोटांनी. अधूनमधून भावगीतांच्या कार्यक्रमात साथ. दोन पर्याय आहेत, किंमत जवळजवळ सारखीच. एक, अमेरिकन मार्टिन कंपनीची नवी डी-१८. दुसरा, एका भारतीय मेकरकडून ऑर्डरवर ओएम (जरा लहान पेटीची गिटार) : सिटका स्प्रूस लाकडाचा टॉप, म्हणजे वरची फळी, शिसवीची पाठ आणि बाजू, आठ महिने थांबायचं. मेकर म्हणतो फॅक्टरीची बांधणी जड, आवाज मोकळा होत नाही. दुकानदार म्हणतो हातच्या गिटारीला पुढे गिऱ्हाईक मिळत नाही. दोघांचंही पोट त्यावर, म्हणून इथे विचारतोय.

तारवाला
आधी तुलना तरी सरळ करा. डी-१८ ड्रेडनॉट, म्हणजे मोठ्या पेटीची आहे, खालची रुंदी ३९७ मिमी; ओएमची ३८१ आणि पेटी उथळ. शिवाय पाठ-बाजू एकीकडे महोगनी, दुसरीकडे शिसवी. कानाला जो फरक जाणवेल त्यात हात की फॅक्टरी हे कळणारच नाही. मार्टिनचीच ओएम-२८ वाजवून बघा : शिसवी, स्केल (तारेची वाजती लांबी) ६४५ मिमी. मग मेकरच्या गिटारीशी ताडा.

मेकर अर्धं खरं बोलतोय. स्प्रूसच्या दोन फळ्या सारख्या कडक नसतात. फॅक्टरीत सगळे टॉप एकाच जाडीवर काढतात, त्यामुळे ती जाडी कमजोर फळीलाही झेपेल अशी धरावी लागते. चांगला मेकर प्रत्येक फळी वाकवून, टकटक करून तिच्यापुरती जाडी आणि ब्रेसची (आतून चिकटवलेल्या आधारपट्ट्यांची) उंची ठरवतो. पण लाइट (हलक्या जाडीच्या) सेटच्या सहा तारांचा मिळून ताण सुमारे ७३ किलो असतो. टॉप फार पातळ झाला की पहिली दोन वर्षं आवाज झकास, मग ब्रिजमागे (तारा टॉपला जिथे अडकवतात त्या लाकडी ठोकळ्यामागे) पोट सुटतं आणि ॲक्शन, म्हणजे तारांची फ्रेटपासूनची उंची, वर जाते.

आता इथला खरा मुद्दा. हवेतल्या ओलाव्याने स्प्रूस लाकडाच्या रेषेला आडवं फुगतं-आकसतं. आर्द्रता ८० टक्क्यांवरून ४० वर आली आणि फळी मोकळी असली, तर ड्रेडनॉटच्या रुंदीत ४ ते ५ मिमी फरक पडतो. गिटारीत ती ब्रेस आणि बाजूंना चिकटलेली, म्हणून हलता येत नाही, ताण साठतो. जुलैच्या हवेत ब्रेस चिकटवून पेटी बंद केली असेल तर मार्च-एप्रिलमध्ये टॉप खपाटीला जाणार, नाहीतर चिरणार. लॅकरने हे थांबत नाही, फक्त सावकाश होतं, कारण आतून लाकूड उघडंच असतं. तेव्हा मेकरला आवाजाचं नंतर विचारा. पहिला प्रश्न : पेटी किती टक्के आर्द्रतेवर बंद करता? ४० ते ५० च्या बाहेरचं उत्तर आलं, किंवा ‘आपल्याकडे चालतं’ असं आलं, तर नमस्कार करून परत या.

शाहूपुरी_६तारी
दुकानदाराचं म्हणणं उडवून लावू नका. डी-१८ चा जुना भाव सगळ्यांना ठाऊक असतो. अनोळखी लेबलची गिटार विकताना मोठा घाटा सोसावा लागतो, आवाज कितीही गोड असो. मात्र नेक जॉइंट, म्हणजे मान आणि पेटीचा सांधा, बघा. मार्टिन डी-१८ ला डव्हटेल (सरसाने चिकटवलेला खाचेचा सांधा) आहे. पुढे नेक रीसेट, म्हणजे मानेचा कोन पुन्हा बसवणं, लागला तर वाफ देऊन सांधा सोडवावा लागतो, ते कुणाकडेही टाकायचं काम नाही. मेकर बोल्टची नेक देत असेल तर तेच काम पुष्कळ सोपं. मार्टिनच्या वॉरंटीच्या अटी देशागणिक बदलतात, बिलासोबत लेखी घ्या.

राजारामपुरी_फिंगरस्टाईल
मेकरला विचारलं. डीह्युमिडिफायर (हवेतला ओलावा काढणारं यंत्र) लावून ४५ टक्के राखतो म्हणाला, नेक बोल्टवर. मग ताब्यात घेताना काय मोजू? आणि सॅडल (ब्रिजवरची हाडाची पट्टी, तारा जिच्यावरून जातात) मिरजेत करून घेतलं तर?

तारवाला
सरळ पट्टी फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर) ठेवून ब्रिजपर्यंत न्या. ती ब्रिजच्या लाकडाला वरून जेमतेम टेकावी. ब्रिजच्या अंगावर आपटली तर नेकचा कोन गेलाय. नवी गिटार असली तरी घेऊ नका. सॅडल ब्रिजच्या वर ३ मिमी तरी दिसलं पाहिजे, नाहीतर पुढे खाली घ्यायला जागाच उरत नाही. सहावी तार पहिल्या आणि चौदाव्या फ्रेटवर दाबा, सातव्यावर ०.२ ते ०.२५ मिमी फट हवी. बाराव्यावर ॲक्शन जाड तारेला २.४, बारीक तारेला १.८ च्या आसपास. अर्धा मिमी उतरवायची तर सॅडल तळातून १ मिमी घासावं लागतं. फोनचा कॅमेरा आत घालून ब्रेसची टोकं बघा, मग प्रत्येक तारेवर प्रत्येक फ्रेट वाजवा. सहाव्या तारेवर तिसऱ्या-चौथ्या फ्रेटला एखादा स्वर फुगून लगेच मरत असेल तर तो पेटीच्या हवेचा अनुनाद आहे. थोडा असतोच, शेजारच्या स्वरांना गिळत असेल तर नको.

मिरजेचे सतार करणारे कारागीर हाड घासण्यात तरबेज आहेत, काम सुबक करतील. फक्त स्पष्ट सांगा की जवारी नको. सतारीच्या घोडीसारखा रुंद उतार ठेवला की तार घासून झणझणते. गिटारीत तार सॅडलच्या एकाच कडेवरून सुटली पाहिजे.

शाहूपुरी_६तारी
आणि हायग्रोमीटर (आर्द्रता मोजणारं मीटर) घ्या, पण तपासून. बाटलीच्या झाकणात मीठ, त्यावर ओलं होईल इतकंच पाणी. मीटरसकट झिपच्या पिशवीत रात्रभर. सकाळी ७५ दाखवायला हवं, फरक असेल तो लिहून ठेवा. जून ते सप्टेंबर केसमध्ये २५०-३०० ग्रॅम नारिंगी दाण्यांची सिलिका जेल (ओलावा शोषणारे दाणे) कापडी पिशवीत ठेवा. रंग बदलला की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोन तास, पिशवीतून काढून. मीटर ४५ च्या खाली गेलं की जेल काढून घ्या, विसरून ती ऑक्टोबरनंतरही आतच राहिली तर टॉप वाळेल.