घरचे न्यायला येत नाहीत, म्हणून डिस्चार्ज अडवता येतो का?

कलम_एकोणीस
मनोरुग्णांच्या निवासी केंद्रांत ठरलेलं उत्तर मिळतं: "डॉक्टर ठीक म्हणतात हो, पण घरच्यांची सही नाही." माझं मत सरळ आहे, हे बेकायदा आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ चं कलम १९ सांगतं की कुटुंब नाही, घरचे स्वीकारत नाहीत किंवा राहायला जागा नाही, एवढ्याच कारणासाठी कुणालाही संस्थेत ठेवता येत नाही. स्वतःहून दाखल झालेल्याने सुट्टी मागितली की लगेच द्यायची. फार तर २४ तास थांबवता येतं, तेही तपासणीपुरतं. प्रतिनिधीच्या (रुग्णाच्या वतीने निर्णयात मदत करणारी नेमलेली व्यक्ती) अर्जावरून दाखल केलं असेल (कलम ८९), तर मुदत ३० दिवसांची. पुढे ठेवायचं तर (कलम ९०) दोन मनोविकारतज्ज्ञांची स्वतंत्र तपासणी आणि मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाची परवानगी लागते. तिसाव्या दिवशी कागदावर सोडून दुसऱ्या दिवशी पुन्हा भरती करण्याची युक्तीही चालत नाही. सात दिवसांच्या आतली भरती थेट कलम ९० खाली जाते.

वॉर्डातली_बाजू
कलम ९८ पण वाचा की. सुट्टीआधी रुग्ण, प्रतिनिधी आणि घरच्यांशी बोलून पुढच्या उपचारांची आखणी करायची, हेही त्याच कायद्यात आहे. क्लोझापिनवरच्या (तीव्र स्किझोफ्रेनियावरचं औषध) माणसाची पहिले १८ आठवडे दर आठवड्याला रक्ततपासणी लागते. ती गावात कोण करणार? गोळी ४८ तासांहून जास्त चुकली, तर जुन्या डोसवर परत जाता येत नाही, १२.५ मिलिग्रॅमपासून चढावं लागतं. लिथियम (मनःस्थितीच्या चढउतारांवरचं औषध) घेणाऱ्याला जुलाब लागले किंवा कुणी गुडघेदुखीवर डायक्लोफिनॅक दिलं, तर रक्तातली पातळी विषारी होऊ शकते. हे न सांगता फाटक उघडलं, तर तो माणूस परत येणार, आणि जास्त वाईट अवस्थेत.

कलम_एकोणीस
तयारी हवीच, पण ती मोजता कशी? "बाजारहाट जमत नाही, फोन लावता येत नाही, अजून तयार नाही." अहो, दोन वर्षं हातात दहाची नोट दिली नाही, फोन ऑफिसच्या कपाटात! वाजवी वेळी फोन करणं हा कलम २६ चा हक्क आहे. स्वतःचे कपडे घालणं, केलेल्या कामाचा मोबदला मिळणं हे कलम २० मध्ये आहे. केंद्रानेच हिरावलेलं कौशल्य नापास करायला वापरायचं? आधी कलम ९१ ची रजा द्या: तीन दिवस घरी, गोळ्या स्वतःच्या ताब्यात. परत आल्यावर उरलेल्या गोळ्या मोजा. त्यातून जे कळतं ते कुठल्याही तक्त्यातून कळत नाही.

हाफवे_हिशेब
ज्यांना घरच नाही त्यांना कुठली रजा देणार? महाराष्ट्राने बरे झालेल्यांना भिक्षेकरी गृहांत आणि वृद्धाश्रमांत हलवायला सुरुवात केली होती. जुलै २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते थांबवायला सांगितलं. हाफवे होम (रुग्णालय आणि घर यांच्या मधला निवास) उभारणं किंवा त्यांना मदत करणं ही सरकारची जबाबदारी त्याच कलम १९ मध्ये आहे, पण वादात तिचं नाव कुणी काढत नाही. निवासी केंद्रं आणि नातेवाईक मात्र एकमेकांना धुतात.
तोवर एक करा. सुट्टीचा अर्ज लेखी द्या, पोच घ्या, प्रत मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला पाठवा. ८९ च्या भरतीवर हरकत असेल, तर मंडळाने सात दिवसांत निर्णय द्यायचा असतो. वकील मोफत मिळतो, कलम २७.

वॉर्डातली_बाजू
रजेचं पटलं. सहीच्या हट्टाचं समर्थन मी करत नाही. पण सोडताना हातात काय देताय ते बघा: आधार, पासबुक, अपंगत्वाचं प्रमाणपत्र (बऱ्याचदा केंद्राच्याच फायलीत अडकलेलं), पुढच्या इंजेक्शनची तारीख आणि किमान महिन्याच्या गोळ्या. चिठ्ठीवर कंपनीचं नाव नको, मूळ औषधाचं लिहा. तालुक्याच्या दुकानात तोच ब्रँड नसला की गोळी बंद होते.