सुरुवात तीच, तरी बुधाची कक्षा दर वेळी निराळी का?

प्रश्न: सूर्यमालेच्या पुढील १०० कोटी वर्षांचे सिम्युलेशन अनेक थ्रेड (प्रोग्रामचे एकाच वेळी समांतर चालणारे भाग) वापरून चालवतो. सुरुवातीची स्थिती तीच असूनही बुधाची कक्षा दर वेळी बदलते. प्रोग्राम चुकतो आहे का?

उत्तर १: बहुधा नाही. थ्रेड दर वेळी वेगळ्या क्रमाने संपू शकतात; फ्लोटिंग पॉइंट (ठरावीक अंकांपुरत्याच साठवलेल्या) संख्यांच्या बेरजेचा क्रम असा बदलला की शेवटचा अंक बदलू शकतो, आणि आतल्या ग्रहांची गती इतकी संवेदनशील आहे की असा फरक दर १ कोटी वर्षांत साधारण दसपट होतो.

उत्तर २: तरीही बेरजेचा क्रम पक्का करा आणि कंपायलरचा ‘फास्ट-मॅथ’ (वेगासाठी आकडेमोडीचा क्रम बदलू देणारा) पर्याय बंद ठेवा, नाहीतर खरी चूक पकडताच येणार नाही.

उत्तर ३: सहमत, मात्र निष्कर्ष एकाच सिम्युलेशनवरून काढू नये. संशोधक लास्कर आणि गास्तिनो यांनी २००९ मध्ये किंचित वेगळ्या सुरुवातींची २,५०१ सिम्युलेशन्स चालवली. त्यांपैकी सुमारे १ टक्क्यात बुधाची कक्षा फार लंबवर्तुळाकार झाली.