रिमेक, रूपांतर की 'बेतलेला'? भयपटांच्या सूचीत अडलेले शब्द

चकवा:
भयपटांच्या एका मराठी सूचीसाठी दोन-दोन ओळींच्या नोंदी लिहितो आहे. 'मूळ कृतीशी संबंध' असा एक रकाना आहे आणि त्यात एकच शब्द मावतो. मी 'पुनर्निर्मिती' लिहिलं होतं, तपासणाऱ्यांनी सरसकट 'रूपांतर' केलं. म्हणजे 'छोरी' (२०२१) हे 'लपाछपी'चं (२०१७) रूपांतर असं छापून येणार. दिग्दर्शक तेच, विशाल फुरिया. उसाचा फड तोच, त्यात अडकलेली गरोदर बाई तीच. फक्त मराठीचं हिंदी झालं. माध्यम बदललेलंच नाही, तर रूपांतर कसलं? शिवाय सिक्वेल (पुढची गोष्ट सांगणारा) आणि प्रीक्वेल (आधीची गोष्ट सांगणारा) यांना चालतील असे शब्द हवे आहेत. 'उत्तरार्ध' मला पटत नाही.

तिरफळ:
'पुनर्निर्मिती' खोडलं ते बरंच झालं. आपल्याकडे चित्रपटाच्या संदर्भात निर्मिती म्हटलं की निर्माता आठवतो, पैसे घालणारा. 'तुंबाड' २०२४ला पुन्हा चित्रपटगृहांत लागला, त्यालाही लोक पुनर्निर्मिती म्हणतील, आणि ते तर नुसतं पुनःप्रदर्शन.
पण माध्यम बदललं नाही म्हणून रूपांतर नाही, हा मुद्दा टिकत नाही. देवलांचा 'झुंजारराव' हे 'ऑथेल्लो'चं रूपांतर, 'ती फुलराणी' हे 'पिग्मॅलियन'चं. दोन्हीकडे नाटकाचं नाटकच झालं. बदलली ती माती: माणसांची नावं, बोली, रीतिरिवाज. मराठीत रूपांतराचा अर्थ शंभरावर वर्षं हाच आहे. कादंबरीचा चित्रपट झाला तर त्याला 'माध्यमांतर' म्हणा. 'छोरी'त गाव महाराष्ट्रातून उत्तरेत गेलं, बोली बदलली. तपासणाऱ्यांनी बरोबर लिहिलंय.

काजवा:
देवलांच्या काळात रिमेक ही वस्तूच नव्हती, त्यामुळे तो दाखला इथे अपुरा पडतो. 'रिमेक' लिहा. तो शब्द मराठीत रुळलाय, त्याला आपली विभक्ती लागते (रिमेकचा, रिमेकमध्ये) आणि वाचक शोधतोही त्याच नावानं. मात्र रिमेक कशाचा, हे लिहिणाऱ्याला नेमकं माहीत हवं. गोंधळ होतो तो तिथे.
'नॉस्फेरातू'चंच घ्या. जर्मन दिग्दर्शक मुर्नाऊनं १९२२ साली तो ब्रॅम स्टोकरच्या 'ड्रॅक्युला'वरून (१८९७) परवानगी न घेता केला. काउंट ड्रॅक्युलाचा काउंट ऑर्लोक झाला, लंडनच्या जागी विस्बोर्ग नावाचं जर्मन गाव आलं. स्टोकरच्या पत्नी फ्लॉरेन्स यांनी दावा लावला. प्राना-फिल्म ही कंपनी बुडाली आणि १९२५ साली न्यायालयानं सगळ्या प्रती नष्ट करायला सांगितल्या. काही वाचल्या म्हणून आज तो चित्रपट आपल्याला बघता येतो.
आता खूण सांगतो. कादंबरीतला ड्रॅक्युला दिवसाउजेडी हिंडतो, त्याची ताकद तेवढी कमी होते. उन्हानं पिशाच्च मरतं ही कल्पना मुर्नाऊच्या चित्रपटाची. म्हणून नवा चित्रपट पाहताना शेवट बघायचा. दिग्दर्शक हर्झोगनं १९७९च्या आपल्या 'नॉस्फेरातू'त ड्रॅक्युला आणि हार्कर ही कादंबरीतली नावं परत आणली, तरी काउंट मरतो सकाळच्या उन्हातच. रॉबर्ट एगर्सच्या २०२४च्या 'नॉस्फेरातू'तही नायिका एलेन ऑर्लोकला पहाटेपर्यंत धरून ठेवते. हे दोन्ही मुर्नाऊचे रिमेक. कोपोलाचा १९९२चा 'ड्रॅक्युला' मात्र लंडनच्या रस्त्यावर भर दिवसा फिरतो आणि शेवटी सुऱ्यानं मरतो. तो कादंबरीकडे गेलेला आहे, त्याला रिमेक म्हणणं चूक.

उंबरठा:
काजवा, खूण चांगली आहे, पण एगर्सच्या ऑर्लोकला झुपकेदार मिशा आहेत. त्या मुर्नाऊकडे नाहीत, स्टोकरच्या वर्णनात आहेत. म्हणजे शेवट एकाकडून आणि चेहरा दुसऱ्याकडून. एका शब्दाचा रकाना इथेच मोडतो.
माझं म्हणणं, 'बेतलेला' वापरा. अस्सल मराठी क्रियापद आहे. शिंपी कापड बेततो तेव्हा अंगाचं माप घेऊन कापतो, कापड तेच आणि अंग दुसरं. माध्यमांतर, रूपांतर, रिमेक, सगळं त्यात बसतं. '-वर बेतलेला' म्हटलं की मूळ सांगावंच लागतं, हा आणखी एक फायदा.
उदाहरण 'द थिंग'चं. दिग्दर्शक जॉन कार्पेंटरच्या १९८२च्या चित्रपटाला सगळे १९५१च्या चित्रपटाचा रिमेक म्हणतात. पण दोन्ही जॉन कॅम्पबेलच्या १९३८च्या दीर्घकथेवर बेतलेले आहेत. १९५१मधला प्राणी वनस्पतीपासून झालेला, एकटा, ओळखू येणारा. माणसांची नक्कल करणारा प्राणी आणि त्याला पकडायला केलेली रक्ताची चाचणी कथेत आहे, ती १९५१च्या चित्रपटानं टाकून दिली होती. कार्पेंटरनं परत आणली: प्रत्येकाचं रक्त बशीत काढायचं, तापलेली तार त्यात बुडवायची आणि कोणतं रक्त उसळतं ते बघायचं. अख्ख्या चित्रपटाची भीती त्या तारेच्या टोकावर आहे. 'रिमेक' लिहिलंत की हे सगळं झाकलं जातं.

तिरफळ:
'बेतलेला' इतका सैल आहे की रकान्यात प्रत्येक नोंदीपुढे तोच येईल. मग रकाना हवा कशाला? 'तुंबाड'चं काय करणार? नाव श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत'वरून घेतलेलं, बीज नारायण धारपांच्या कथेतलं, पण हस्तर, पिठाच्या बाहुल्या आणि सोन्याच्या मोहरा यांची गोष्ट दोघांचीही नाही. तिथे बेतलेला म्हणणं हा दिग्दर्शक राही बर्वे आणि त्यांच्या लेखकांवर अन्याय आहे. 'प्रेरित' म्हणा.

चकवा:
'प्रेरित' आणि 'बेतलेला' यांत फरक करता येईल, तेवढी जागा मिळाली तर. सिक्वेलचं मात्र कुणी बोललंच नाही.

पारंबी:
'उत्तरार्ध' नकोच. त्याचा अर्थ एकाच गोष्टीचा दुसरा अर्धा भाग, आणि सिक्वेल येतो तेव्हा पहिली गोष्ट पुरी झालेली असते. 'पूर्वकथा' हा प्रीक्वेलला सुचणारा शब्दही अडचणीचा, कारण क्रमशः कादंबऱ्यांत 'पूर्वकथा' म्हणजे मागच्या अंकापर्यंतचा सारांश.
कीर्तनाकडे बघा. पूर्वरंग आणि उत्तररंग हे घडीव शब्द तयार आहेत. २०११चा 'द थिंग' हा कार्पेंटरच्या चित्रपटाचा पूर्वरंग: नॉर्वेच्या तळावर काय घडलं ते सांगतो आणि शेवटी हेलिकॉप्टर कुत्र्यामागे लागतं तिथे येऊन जुळतो, जिथून १९८२चा सुरू होतो. नाव तेच ठेवल्यामुळे लोक त्यालाही रिमेक समजतात.

काजवा:
कीर्तनातला पूर्वरंग म्हणजे अभंगाचं निरूपण, आणि उत्तररंगात त्याच्या पुष्टीसाठी आख्यान. आधीची गोष्ट आणि नंतरची गोष्ट असं ते नातंच नाही. दिसायला सुंदर म्हणून शब्द उचलला तर कीर्तनकार आणि प्रेक्षक दोघंही बुचकळ्यात पडतील.
२०११च्या चित्रपटाबद्दल मात्र लिहायलाच हवं. त्याची चाचणी कल्पक होती: त्या प्राण्याला धातूची नक्कल जमत नाही, म्हणून दातांतलं चांदी-सिमेंट तपासायचं. पण कारागिरांनी हातानं केलेले, चालणारे पुतळे नंतर बहुतेक ठिकाणी संगणकी चित्रांखाली झाकले गेले. खोलीतल्या दिव्याचा उजेड कातडीवर पडलेला दिसत नाही, वजन जाणवत नाही, आणि भीती तिथेच संपते.

पारंबी:
निरूपणाचा आक्षेप मान्य नाही. शब्द एका क्षेत्रातून दुसऱ्यात गेला की अर्थ थोडा सरकतोच. 'दिग्दर्शक'ही असाच दिशा दाखवणाऱ्यावरून आला.

तिरफळ:
सरकणं वेगळं, उलटणं वेगळं. बरं, मागचं विसरणाऱ्या सिक्वेलना तुमच्या उत्तररंगात कुठे बसवाल? २०१८चा 'हॅलोवीन' १९७८च्या चित्रपटाचंच नाव घेतो आणि मधले सगळे भाग पुसतो. नायिका लॉरी ही खुनी मायकलची बहीण, हे १९८१च्या दुसऱ्या भागात आलं होतं, तेही पुसलं. डॅनी बॉईलचा '२८ इयर्स लेटर' (२०२५) हा २००२च्या '२८ डेज लेटर'चा पुढचा भाग आहे. मधल्या २००७च्या भागाच्या शेवटी संसर्ग पॅरिसला पोहोचला होता, तो सुरुवातीच्या एका ओळीत मागे हटवला. मला हा मार्ग प्रामाणिक वाटतो. फसलेले भाग ओढत नेण्यापेक्षा, जिथे भीती खरी होती तिथून पुन्हा निघावं.
आणि 'भूलभुलैया २' (२०२२) तर नावापुरताच दुसरा. मल्याळम 'मणिचित्रताळु'पासून (१९९३) कन्नड, तमिळ आणि मग २००७च्या हिंदीपर्यंत गोष्टीचा कणा एकच होता: भूत नाही, आजारी मन आहे. दुसऱ्या भागात भूत खरोखरच आलं. मंजुलिका हे भुताचं नाव राहिलं आणि गोष्टीचा अर्थ उलटला. याला मी कधीही 'पुढचा भाग' म्हणणार नाही.

चकवा:
मग काय म्हणाल? रकान्यात काहीतरी लिहायचंय.

तिरफळ:
'त्याच नावाचा'.

उंबरठा:
रिमेकमध्येही असाच कणा मोडतो आणि शब्द त्याची दाद घेत नाही. डॅनिश 'स्पीक नो इव्हिल' (२०२२) आणि २०२४चा इंग्रजी रिमेक. पहिल्या दीड-दोन तृतीयांशात प्रसंग जवळपास तेच: सहलीत ओळख, घरी बोलावणं, यजमानांचं हळूहळू अंगावर येणं आणि पाहुण्यांचं भिडेखातर गप्प बसणं. डॅनिश चित्रपटात त्या भिडेची किंमत सगळं कुटुंब मोजतं. मुलीची जीभ कापली जाते, आईबापांना दगडांनी ठेचतात, आणि ते प्रतिकारही करत नाहीत. इंग्रजीत शेवटी घरभर पाठलाग होतो, पाहुणे लढतात आणि निसटतात. यजमान झालेल्या जेम्स मॅकअ‍ॅव्हॉयचं काम उत्तम आहे, पण भिडस्तपणा जीव घेतो हे सांगणाऱ्या गोष्टीत भिडस्त माणसं वाचली तर उरलं काय? दोन्हीपुढे 'रिमेक' एवढंच लिहिणं पुरेसं नाही.

काजवा:
हा परीक्षणाचा विषय झाला, सूचीचा नाही. 'शेवट बदललेला रिमेक' लिहा, चार अक्षरं वाढतील. आणि चकवा, तुमच्या प्रश्नातल्या 'सिक्वेल'चं लिंगही ठरवा. 'सिक्वेल आला' की 'सिक्वेल आलं'? मी पुल्लिंगी लिहितो, भाग या शब्दावरून.

पारंबी:
नपुंसकलिंगीही सर्रास ऐकू येतं. रिमेकबद्दल मात्र दुमत नाही, तो रिमेकच.
एक वेगळंच सांगते. रकान्याचं नाव 'मूळ कृतीशी संबंध' आहे ना? आपला भुताचा 'समंध' शब्द या 'संबंध'चंच रूप. मागे कुणी क्रियाकर्म करणारं उरलं नाही म्हणून जो घराशी, जागेशी जोडलेला राहतो तो समंध. भयपटांच्या सूचीत तो असा आपोआप आलाय.

तिरफळ:
व्युत्पत्ती पटते, स्पष्टीकरण नाही. घराशी संबंध तर वेताळाला सोडून बहुतेक भुतांना असतो. मुंज्या पिंपळाशी, हडळ विहिरीशी. मग समंधालाच हे नाव का?

पारंबी:
कारण मुंज्याचं नाव मुंजीवरून पडलं, मुंज होऊन सोडमुंज व्हायच्या आत गेला म्हणून. प्रत्येकाचं नाव त्याच्या अडकण्याच्या कारणावरून पडतं. समंधाचं कारण नातं आहे, जागा नाही.

उंबरठा:
मग खवीस कशावरून? तो शब्द तर अरबीतला 'खबीस', म्हणजे दुष्ट. तिथे तुमचा नियम लागत नाही.