वर्गातल्या मुलाची नक्कल करणारी लेक : चित्रपुस्तकं सुचवाल का?

रानजाई
नमस्कार. लेक साडेपाच वर्षांची आहे, मोठ्या गटात जाते. तिच्या वर्गातला एक मुलगा बोलताना अडखळतो. परवा घरी पाहुणे होते, तेव्हा हिने त्याची हुबेहूब नक्कल करून दाखवली, 'म-म-मला पाणी'. पाहुणे हसले. मीही तिला तिथल्या तिथे थांबवलं नाही, त्याचं फार वाईट वाटतंय. रात्री समजवायला गेले तर म्हणाली, "पण सगळेच हसले ना!" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

झोपताना आम्ही रोज दोन पुस्तकं वाचतो. दुसऱ्याच्या जागी जाऊन बघता येईल अशी चित्रपुस्तकं हवी आहेत. मराठी मिळाली तर उत्तमच, इंग्रजी असली तरी मी मराठीत सांगेन. शेवटी तात्पर्य असणारी मात्र नकोत. ते आलं की ती "हो आई" म्हणते आणि पुस्तक मिटते.

नदीकाठ
ताई, मी स्वतः अडखळत बोलतो. आता चाळिशीत आहे. शाळेत नक्कल करणारे खूप होते, पण त्यांच्याहून जास्त मला 'बिचारा' म्हणणाऱ्या काकू-मावश्या लागायच्या. म्हणून पुस्तक निवडताना एवढं बघा की त्यातल्या मुलाची कीव येतेय का. येत असेल तर ते बाजूला ठेवा.

माझ्यासाठी एकच पुस्तक आहे, 'आय टॉक लाइक अ रिव्हर' (२०२०). लिहिणारे जॉर्डन स्कॉट हे कवी स्वतः अडखळत बोलतात, चित्रं सिडनी स्मिथ यांची. मुलाचा शाळेतला दिवस वाईट जातो, शब्द घशात अडकतात. बाबा त्याला घ्यायला येतात आणि नदीवर घेऊन जातात. उपदेश काही करत नाहीत. नदी दाखवतात आणि म्हणतात, तू असा बोलतोस. ती कशी बुडबुडते, घुसळते, भोवरे घेते, आपटते! मधलं पान दोन्ही बाजूंनी उघडतं आणि मुलगा पाण्यात उभा दिसतो. तिथे घाई करू नका, बघू द्या तिला. हे पुस्तक मला पाचव्या वर्षी मिळायला हवं होतं.

वाचून झाल्यावर एकच गोष्ट सांगा : त्याचं वाक्य त्यालाच पूर्ण करू दे. मध्येच शब्द पुरवला की मदत केल्यासारखं वाटतं, पण आम्हाला तो तोंडावर हात ठेवल्यासारखा वाटतो.

वाचनवेल
नदीकाठ, मनापासून लिहिलंत. मी आमच्या सोसायटीत मुलांचं छोटं वाचनालय चालवते, तिथला अनुभव सांगते.

मराठीत माधुरी पुरंदरे यांच्यापासून सुरुवात करा. ज्योत्स्ना प्रकाशनाचं 'चित्रवाचन' घ्या. त्यातल्या चित्रांवर बोट ठेवून गप्पा मारायच्या. हा कोपऱ्यात का उभा असेल? या आजींना आत्ता काय वाटत असेल? चेहरा वाचायची सवय इथे लागते, आणि तुमच्या लेकीला नेमकी तीच हवी आहे. 'राधाचं घर'ही आणा. घरातला प्रत्येक माणूस वेगळा असतो हे त्यातून सहज कळतं.

चेन्नईचं तुलिका प्रकाशन मराठीसह अनेक भारतीय भाषांत चित्रपुस्तकं काढतं. त्यांच्या 'कॅच दॅट कॅट'मधली डिप डिप व्हीलचेअरवर बसून हरवलेलं मांजर शोधत फिरते. महा खट्याळ पोर! बिचारी म्हणायला ती जागाच ठेवत नाही. 'अ वॉक विथ थंबी'मध्ये एक मुलगा कुत्र्याबरोबर फिरायला निघतो. मजकुरात सगळे आवाज आणि वास. त्याला दिसत नाही हे शब्दांत कुठेही सांगितलेलं नाही. आमच्याकडच्या बहुतेक मुलांना त्याच्या हातातली काठी दुसऱ्या वाचनाला दिसली. तुम्ही आधी सांगू नका. पैसे खर्च करायच्या आधी प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर हे संकेतस्थळ बघा, मराठी पुस्तकं तिथे फुकट वाचता येतात.

आणि पुस्तक संपल्यावर "मग आपण काय शिकलो?" हे विचारायचंच नाही.

इंद्रायणी
वेगळेपणा फक्त शरीराचा नसतो, म्हणून एक भर घालते. तुलिकाचंच बाबासाहेबांच्या लहानपणावरचं पुस्तक आहे, 'भीमराव आंबेडकर : द बॉय हू आस्क्ड व्हाय'. ते मी मुलाला सहाव्या वर्षी वाचून दाखवलं. सोबत साताऱ्याच्या शाळेतलं गोणपाट सांगितलं : बसायला स्वतःचं आणायचं, आणि नळ उघडायला शिपाई नसेल तर पाणी नाही. मसूर स्टेशनवर जातीमुळे गाडी न मिळून ताटकळलेल्या भावंडांची हकीकतही सांगितली. बाबासाहेबांनी ती स्वतः लिहून ठेवली आहे. मुलगा म्हणाला, "पण नळ तर तिथेच होता ना?" मी त्याला सोपं करून काही सांगितलं नाही. नळ तिथेच होता, एवढंच म्हटलं.

गुलबक्षी
जर्मनीतून लिहितेय. जॅकलिन वुडसन यांचं 'ईच काइंडनेस' (२०१२) सुचवते, पण जपून. वर्गात जुने कपडे घालणारी नवी मुलगी येते, नायिका तिच्याशी खेळत नाही, आणि तिची चूक तिला कळते तोवर ती मुलगी शाळा सोडून गेलेली असते. दोघींची पुन्हा भेट होतच नाही. माझी लेक सात वर्षांची असताना वाचलं, आणि त्या रात्री तिला झोप आली नाही.

वाचनवेल
साडेपाचला मी हे देणार नाही. दोन वर्षांनी जरूर. त्यापेक्षा आता तारो याशिमा यांचं 'क्रो बॉय' द्या. १९५५चं जपानी खेड्यातलं पुस्तक आहे. सगळ्यांनी वाळीत टाकलेला मुलगा कावळ्यांचे वेगवेगळे आवाज काढून दाखवतो. तुमच्या लेकीला नकलेची हौस आहे ना, तिला ते फार आवडेल.

रानजाई
सगळ्यांचे आभार. नदीचं पुस्तक मागवलंय. ओळखीच्यांकडून डिप डिप मिळालं, लागोपाठ चार रात्री वाचतोय. खुर्चीबद्दल लेकीचा एकच प्रश्न होता, "चाकं आहेत म्हणून ही इतकी जोरात जाते का?" नक्कल थांबलीय की नाही ते आत्ताच सांगता येणार नाही. त्या दिवशी हसलेल्या पाहुण्यांना मात्र मी फोन केला. अवघड गेलं, पण बोलले.

नदीकाठ, एक विचारू का? लेकीला घेऊन त्या मुलाची माफी मागायला जावं का?

नदीकाठ
त्याच्यासमोर नक्कल केली नसेल, तर नको. त्याला नसती जखम होईल. खेळायला बोलवा. आणि आला की "नाव काय रे तुझं?" असं विचारू नका. आमच्यातल्या बऱ्याच जणांना स्वतःचं नावच सगळ्यात जड जातं. लेकीलाच तुमच्याशी त्याची ओळख करून देऊ द्या.