‘मूड जीन’ पॅकेज : बी विंगच्या ग्रुपवर

बी-२०४ : खालचं फॉरवर्ड बघा. लाळेचा नमुना द्यायचा, घरात डिप्रेशन किंवा बायपोलर (कधी उदासी, कधी उन्माद असा मूडचा आजार) येणार का ते सांगतात. घ्यावं का?

बी-७०१ : नको. असं एकच जीन नाहीच. १९८७ साली अमेरिकेतल्या आमिश कुटुंबांत ११व्या गुणसूत्रावर बायपोलरचा दुवा सापडला म्हणून गाजावाजा झाला. १९८९ मध्ये आणखी नातेवाईक धरले, निरोगी म्हणून मोजलेल्या दोघांना मधल्या काळात आजार झाला होता, आणि सगळं गणितच कोसळलं.

बी-५०३ : मग आनुवंशिक नाही म्हणायचं का, डॉक्टर?

बी-७०१ : आहे की, काकू. बायपोलर एरवी शंभरात साधारण एकाला होतो; आईवडील किंवा सख्ख्या भावंडांत असेल तर ५ ते १० जणांना. म्हणजे नव्वद तरी सुटतात. फक्त हा धोका शेकडो जनुकांत चिमूटचिमूट विखुरलेला असतो.

बी-२०४ : पॅकेजात कॉर्टिसॉलही आहे, म्हणजे ताणाच्या हार्मोनची रक्ततपासणी.

बी-१०२ : एकदाच सकाळी रक्त घेऊन काही कळत नाही, दादा. जुनी पद्धत अशी : रात्री ११ ला डेक्सामेथासोन (कॉर्टिसॉल दाबणारं स्टेरॉइड) १ मिलिग्रॅम, दुसऱ्या दिवशी दुपारी ४ आणि रात्री ११ ला रक्त. कॉर्टिसॉल डेसिलिटरमागे ५ मायक्रोग्रॅमच्या वर राहिलं तर ‘दबलं नाही’. पण फिटची कार्बामाझेपिन किंवा फेनिटॉइन चालू असेल तर डेक्सा लवकर निकामी होतं. गर्भनिरोधक गोळ्यांनी एकूण कॉर्टिसॉल उगाच जास्त दिसतं. दारू, झपाट्याने घटलेलं वजन, नाइट शिफ्ट, सगळेच घोळ घालतात. केसांसाठी बायोटिन खात असाल तर काही मशीनवर आकडाच चुकतो.

बी-७०१ : बरोबर. म्युनिकच्या एका अभ्यासात डिप्रेशनच्या रुग्णांच्या निरोगी नातेवाइकांतही कॉर्टिसॉल थोडं चढं मिळालं होतं. स्वप्नांची झोप एरवी दीडेक तासाने लागते, तीही अशा काहींना लवकर लागते. पण हे गटाच्या सरासरीत दिसतं. एका माणसाच्या रिपोर्टवरून निदान करता येत नाही.

बी-५०३ : मग करावं काय?

बी-७०१ : तीन पिढ्यांची वंशावळ काढा, आजोळचीही. कोणाला, कितव्या वर्षी, बाळंतपणानंतर का, आत्महत्येचा प्रयत्न, लिथियम (बायपोलरवरचं औषध) लागू पडलं का. ‘डोकं फिरलं होतं’ एवढंच लिहू नका. किती दिवस झोपेशिवाय काढले, पैसे उधळले का, ते लिहा. घरात बायपोलर असताना नुसती डिप्रेशनची गोळी दिली तर कधीकधी उन्माद उसळतो, म्हणून हे आधी कळायला हवं. सोबत टीएसएच (थायरॉइडची तपासणी), बी-१२, हिमोग्लोबिन. बस.

बी-१०२ : आणि त्या कागदाचा फोटो ग्रुपवर टाकू नका, डॉक्टरांनाच दाखवा.