स्वतःचं वर्कस्टेशन कीबोर्ड घ्यायचं का लॅपटॉपवर भागवायचं? सोलापूरच्या शोवाल्यांनो, बोला

पूर्वभाग_कीबोर्ड
परवा अक्कलकोट रोडला एका हळदीत शो होता. तिथं दुसऱ्या पार्टीचं एक पोरगं भेटलं, बॅगेत लॅपटॉप आन छोटा मिडी कीबोर्ड (त्याला स्वतःचा आवाज नसतो, आवाज लॅपटॉपमधनं निघतो), बास. माझ्या वर्कस्टेशनकडं बघून म्हणतंय, "काका, अजून हे धूड वागवताय व्हय? एवढ्या पैशात तर अख्खा स्टुडिओ झाला असता." तिथं हसून सोडलं पण घरी आल्यावर झोप लागेना, म्हणून हा धागा.

माझं मत आधीच सांगतो. महिन्यात चार-पाच शो करत असाल तर वर्कस्टेशन घ्या आन स्वतःचं घ्या, भाड्याचं नको. भाड्याच्या मशीनवर दर वेळी टोन शोधण्यातच साऊंड चेक संपतो.

नवीन पोरांसाठी थोडक्यात, वर्कस्टेशन म्हणजे टोन, सिक्वेन्सर (वाजवलेलं साठवून परत वाजवणारा), इफेक्ट सगळं एकाच कीबोर्डच्या डब्यात. कॉर्गचं एम-१ आलं १९८८ ला, तिथनं ही जात खरी पसरली. ६१ पट्ट्या, एका वेळी १६ आवाज, आठ ट्रॅकचा सिक्वेन्सर, आन आतल्या सगळ्या सॅम्पलची (वाद्यांच्या रेकॉर्ड केलेल्या आवाजांची) रॉम, म्हणजे कायमची मेमरी, किती, तर ४ एमबी! आज सकाळी मामानं पाठवलेला गुड मॉर्निंगचा व्हिडिओ याच्यापेक्षा जड असंल.

माझं मशीन सेकंडहँड आहे, ६२ हजाराला घेतलंय. कंपनी सांगत नाही, नाहीतर सगळी चर्चा तिकडंच पळंल. मला त्यातलं काय आवडतं तर हाताला सगळं पाठ आहे. डावीकडं स्ट्रिंग, मधी बासरी, वरच्या सप्तकात संतूर, असं एकेका गाण्याचं स्प्लिट करून ओळीनं सेव्ह केलंय. गाणं संपलं की पायानं पेडल दाबायचं, पुढचं गाणं हजर. स्टेजवरचे लाईट बंद असले तरी बोट बरोबर बटणावर जातं. मे महिन्यात मांडवात ४३ डिग्री, त्यात जनरेटर, त्यात उडणारा भंडारा, अशात लॅपटॉप उघडून बसायची माझी तर छाती नाही.

दुखणं पण सांगतो. आमच्या घरामागं लूम आहेत, दिवसभर खटखट आन हवेत सुताचा तंतू. दोन वर्षात मधल्या सप्तकातला एक ग बिघडला. हळू दाबा नाहीतर जोरात, तो आपला बोंबलतच उठायचा. प्रत्येक पट्टीखाली रबराचे दोन कॉन्टॅक्ट असतात, पहिला टेकल्यापासून दुसरा टेकेपर्यंत किती वेळ गेला त्यावरनं मशीन जोर मोजतं. मधी तंतू बसला की हिशेब चुकला. शेवटी पेपर अंथरून उलटं केलं, तीसेक स्क्रू एका वाटीत काढले, रबराची पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसली. ती वाटी आईनं शेंगाचटणीची म्हणून उचलून नेली ती गोष्ट वेगळी. एक स्क्रू अजून सापडलेला नाही, पण ग सुधारला.

तर बोला.

लॅपटॉप_जुळेसोलापूर
दादा, मन दुखवायचं नाही पण त्या पोराचंच बरोबर आहे.

तुमचं वर्कस्टेशन तरी काय आहे, आतनं कॉम्प्युटरच की बे (बे मायेनं म्हणतोय). कॉर्गचं क्रोनॉस बघा, २०११ चं मॉडेल, आत इंटेलचा अ‍ॅटम प्रोसेसर आन लिनक्स. चालू व्हायला दोन मिनिटाच्या वर घेतं. चालू कार्यक्रमात जनरेटर बंद पडला तर दोन मिनिटं काय पब्लिकला जोक सांगणार? माझा लॅपटॉप स्वतःच्या बॅटरीवर चालू असतो, लाईट गेलेली त्याला कळत पण नाही.

आन पट्टी दाबल्यावर लॅपटॉप उशिरा वाजतं उशिरा वाजतं म्हणून जे घाबरवतात ना त्यांना हिशेब येत नाही. बफर (लॅपटॉप एका दमात आवाजाचे जेवढे नमुने बनवतो ते) २५६ चा ठेवा, सेकंदाला ४४१०० नमुने असतात त्यानं भागा, ५.८ मिलिसेकंद येतात. वर ड्रायव्हरचे दोन-चार धरा. दोन मीटरवर ठेवलेल्या मॉनिटर स्पीकरचा आवाज कानापर्यंत यायलाच सहा मिलिसेकंद लागतात, तेव्हा तर कोण तक्रार करत नाही. फक्त ऑडिओ इंटरफेस (लॅपटॉपचा आवाज बाहेर काढणारा डबा) बरा घ्या आन शोच्या लॅपटॉपवर नेट बंद ठेवा. लग्नाचे फोटो, पिक्चर, टॅलीचं अकाउंट सगळं त्याच लॅपटॉपवर ठेवणारे लोक मग अपडेटच्या नावानं रडतात.

आन वजनाचं काय? यामाहाचं मोंटाज ६ घ्या, १५ किलो. केस धरून किती होतंय बघा. पस्तिशीनंतर कंबर बोलायला लागते दादा.

साऊंड_चेक
मी मिक्सरच्या मागं उभा राहणारा माणूस. तुम्ही दोघं पण मला छळता.

लॅपटॉपवाले हेडफोनच्या भोकात पिन घालून वायर माझ्या हातात देतात आन चार्जर लावला की घूंऽऽ सुरू. ही घूं थांबवायला मधी लावायची डीआय बॉक्स नावाची वस्तू असते, विकत मिळते. वर्कस्टेशनवाले लाखाचं मशीन आणतात आन वायर एकच, ती पण "आर" ला लावतात. एकच वायर असंल तर "एल/मोनो" ला लावा, तिथं दोन्ही बाजू एकत्र येतात. मागच्या वर्षी हुतात्मा स्मृती मंदिरात एकानं अर्धा कार्यक्रम अर्धाच पियानो वाजवला, आन कार्यक्रम संपल्यावर मलाच विचारतोय आवाज पातळ का होता.

बाकी चालू द्या.

पेटीकाका
नमस्कार. मी चाळीस वर्षं पेटी वाजवतो आणि शिकवतो. माझा मुद्दा तुमच्या दोघांपेक्षा वेगळा आहे. तुमच्या दोन्ही यंत्रांवर गंधार (ग) बेसूरच लागतो.

तंबोऱ्याशी नीट मिळवलेला शुद्ध गंधार हा कीबोर्डच्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट उतरता असतो. शंभर सेंटचा एक अर्धस्वर, त्यातले १४ म्हणजे काही थोडेथोडके नव्हेत. रात्री शांत बसून तंबोऱ्यावर भूप राग म्हणून बघा आणि मग तुमच्या त्या मशीनवर तोच गंधार दाबा, अंगावर काटा येतो आणि तो चांगला नव्हे. दुसरं असं की मुलं आता बटण दाबतात, ताल आपोआप, कॉर्ड आपोआप, हे वरून नुसतं एका बोटानं मुखडा वाजवतात. माझ्याकडं आलेल्या एका मुलाला लहरा (तबल्यासाठी पुन्हा पुन्हा वाजवायची धून) धरता येईना, म्हणाला "सर, स्टाईल नाहीये ना."

पूर्वभाग_कीबोर्ड
काका, नमस्कार. स्टाईलवालं, म्हणजे आयता ताल-कॉर्ड देणारं मशीन ते अरेंजर, ते निराळं. वर्कस्टेशनमध्ये तसली आयती साथ सहसा मिळत नाही, बहुतेक स्वतः सिक्वेन्सरमध्ये वाजवून बसवावी लागते. दुकानदार दोन्हीला एकाच नावानं विकतात हा त्यांचा घोळ.

गंधाराचं मान्य. पण काका, पेटीचं तरी काय? १९४० ला ऑल इंडिया रेडिओनं पेटीवर बंदी घातली ती ह्याच कारणानं ना, ठरलेल्या सुरांचं वाद्य आहे, मींड (एका सुरावरनं दुसऱ्यावर घसरत जाणं) निघत नाही म्हणून? पेटी पण मूळची फ्रान्सचीच. माझ्या मशीनला निदान सूर वर-खाली सरकवायचं व्हील आहे, मींडेच्या जवळपास तरी जाता येतं. आन स्केल ट्यूनमध्ये (एकेक सूर वेगळा चढवायची-उतरवायची सोय) ग १४ सेंटनं खाली करता येतो.

पेटीकाका
बंदीचा दाखला बरोबर आहे, आणि बंदी घालणाऱ्यांचं म्हणणं पूर्ण चुकीचं होतं असं मी पेटीवाला असूनही म्हणणार नाही. म्हणून तर आम्ही पेटी गायकाला हव्या त्या सुरात ट्यून करून घेतो. पण मला सांगा, बाई काळी चारला (चौथ्या काळ्या पट्टीवर सा धरून) गातायत, पुढचा गायक काळी एकला. सा बदलला की तुमचा खाली केलेला ग कुठं जातो?

पूर्वभाग_कीबोर्ड
इथं पकडलं काका. माझ्या मशीनमध्ये ट्यूनिंग पट्टीला चिकटून राहतं, सा बरोबर सरकत नाही. काही मशीनमध्ये मूळ स्वर निवडता येतो म्हणे, माझ्यात नाही. मी दोन वेगळ्या सा चे दोन सेट करून ठेवलेत, तिसरा गायक आला की राम राम.

भजनीमंडळ_होटगीरोड
मी शोवाली नाही, आमचं बायकांचं भजनी मंडळ आहे, तरी बोलते. आम्ही वर्गणी काढून रोलँडचं एक्सपीएस-१० घेतलं. चार किलोच्या आसपास वजन, ६१ पट्ट्या, आठ पेन्सिल सेलवर पण चालतं. रिक्षात मांडीवर घेऊन जाते मी. सिद्धेश्वराच्या देवळात बसलो होतो तेव्हा प्लग पॉईंट कुठं शोधायचा हा प्रश्नच आला नाही. तुम्ही लोक १५ किलो आणि लिनक्स करत बसलायत, आमच्या मंडळातल्या ७० वर्षांच्या आजी पट्टी बदलायचं बटण शिकल्या. सगळे टोन आम्हाला लागत पण नाहीत, बासरी, पेटी, मागं थोडं स्ट्रिंग.

हलगी_बाळीवेस
हे ताईंनी खरं बोललं. पूर्वभाग दादा, एक प्रामाणिक सांगा बे. तुमच्या त्या डब्यात हजार तरी टोन असतील. वाजवता किती? आन तो सिक्वेन्सर सिक्वेन्सर म्हणायलाव, शेवटचा कधी उघडलता?

आम्हाला बघा, गणपतीच्या मिरवणुकीत हलगी आन लेझीम, दोन काठ्या आन एक कातडं. तापवायला पेपरचा जाळ. अपडेट नाही काय नाही.

लॅपटॉप_जुळेसोलापूर
😂😂 हलगीला फर्मवेअर नसतं. दादा, उत्तर द्या आता.

पूर्वभाग_कीबोर्ड
देतो की. आत्ता मशीन लावून मोजलं. शोला लागणारे टोन चौदा. त्यातले चार तर एकाच पियानोचे कमीजास्त रिव्हर्बवाले (घुमणाऱ्या आवाजाचे). सिक्वेन्सर मागच्या मार्कंडेय रथोत्सवाच्या आधी उघडलता, एका तेलुगू गाण्याचा इंटरलूड बसवायला. म्हणजे वर्ष होत आलं. घेतलं तेव्हा पहिले सहा महिने रोज रात्री हेडफोन लावून त्यातच असायचो, बायको म्हणायची दुसरं लग्न केलं का काय. मग शो वाढले आन डोकं घालणं बंद झालं. हे लॅपटॉप घेतला असता तरी झालंच असतं, ते पण खरं.

तरी विकणार नाही. चौदा तर चौदा, पण ते चौदा मी केलेत, कुठनं डाउनलोड केले नाहीत.

लॅपटॉप_जुळेसोलापूर
डाउनलोडवर टोमणा कळला. माझ्याकडं ४०० जीबी लायब्ररी आहे, वाजवतो किती ते मी मोजणार नाही.

साऊंड_चेक
ते चार पियानो मला एकच ऐकू येतात, फुकटची माहिती.

पेटीकाका
पूर्वभाग, तुम्ही मशीन घेऊन एकदा घरी या. तंबोरा लावून ठेवतो, तुमचा गंधार १४ नं उतरवून बघू, कानाला पटला तर मी जाहीर मान्य करीन. रविवारी सकाळी जमेल?

पूर्वभाग_कीबोर्ड
काका, रविवारी आमच्याकडं नळाला पाणी यायचा दिवस आहे. भरून झालं की अकरापर्यंत येतो. जिना किती आहे ते तेवढं सांगा, वजनाचा मुद्दा आत्ता आठवला.